पेटी, पट्टी आणि उधारी: आंब्याच्या धंद्याचा डेटाबेस पहिल्यापासून नीट कसा बांधायचा

मे महिन्याचा दुसरा आठवडा आला की माझा फोन वाजायला लागतो. "अरे, कोणाचे पैसे आले आणि कोणाचे राहिले तेच कळत नाहीये, शीटमध्ये सगळं लिहिलंय पण सापडत नाही." जाऊन बघतो तर दर वेळी तेच चित्र. एकच लांबलचक शीट, आडवे तीस-चाळीस कॉलम, त्यात 'पेटी १', 'पेटी २', 'पेटी ३', पुढे 'पैसे १', 'पैसे २', आणि शेवटी 'शेरा' नावाचा एक कॉलम ज्यात खरा धंदा चाललेला असतो: "२ हजार दिले, बाकी ठाण्याच्या ताईकडून घेणे, १ पेटी खराब".

हे सगळे लोक मेहनती आहेत, कॉम्प्युटरही बरा चालवतात. चुकतं ते एवढंच की कॉम्प्युटर आधी उघडतात आणि विचार नंतर करतात. म्हणून या लेखात सॉफ्टवेअर सातव्या टप्प्यात येईल, त्याआधी नुसती वही आणि पेन. उदाहरण मी आंब्याचं धरलंय कारण आमच्याकडे रत्नागिरी-देवगड पट्ट्यात घरटी तोच धंदा, पण काजूगर, कोकम, होमस्टे, मासळी, काहीही असो, पायऱ्या त्याच.

आणि एक, हे काम एप्रिलमध्ये सुरू करू नका. तोडणी चालू असताना नवीन पद्धत लावली की दोन दिवसांत सगळे परत वहीवर जातात, मी तीनदा बघितलंय. लावणी उरकल्यावर, बाहेर पाऊस कोसळत असतो आणि हाताला काम कमी असतं, तेव्हा बसायचं.

१. आधी प्रश्न लिहून काढा

गेल्या हंगामाची वही, बिलबुकं, वाशीहून आलेल्या पट्ट्या (माल विकून दलाल पाठवतो तो हिशेब), व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी, बँकेचं स्टेटमेंट, सगळं एका टेबलावर आणा. मग कोऱ्या कागदावर लिहा की या सगळ्यातून तुम्हाला काय विचारायचंय. उगाच "रिपोर्ट पाहिजे" असं नको, बोलतो तसा प्रश्न:

कोणाकडे किती बाकी आहे?
उद्याच्या गाडीत कुठल्या पत्त्यावर किती पेट्या जायच्यात?
वाशीला पाठवलेला माल आणि घरून थेट विकलेला माल, कशात जास्त सुटले?
वरच्या बागेतून यंदा किती निघाला?
कुठल्या तोडणीच्या फळाची तक्रार जास्त आली?

आठ-दहा प्रश्न पुरे. घरातल्यांनाही विचारा, कारण पॅकिंगला उभी असलेली वहिनी जो प्रश्न रोज विचारते तो तुमच्या डोक्यात पण नसतो. आमच्याकडे तिचा प्रश्न होता, "पाच डझनाच्या किती भरू?" आणि त्याचं उत्तर कुठल्याच शीटमध्ये नव्हतं.

तपासा: प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायला कुठली माहिती लागेल ते बाजूला लिहा. जी माहिती कुठल्याच प्रश्नाला लागत नाही ती गोळा करू नका. ग्राहकाची जन्मतारीख घेऊन काय करणार आहात?

२. एक ओळ म्हणजे काय, हे ठरवा

सगळ्या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हा. इथे घाई केलीत तर पुढचं सगळं वाया.

टेबल म्हणजे एकाच प्रकारच्या गोष्टींची यादी. त्यातली एक ओळ म्हणजे एक गोष्ट. ग्राहकांच्या टेबलात एक ओळ म्हणजे एक ग्राहक, पैशांच्या टेबलात एक ओळ म्हणजे एकदा आलेले पैसे. ऐकायला बावळटपणाचं वाटतं, पण तुमच्या आत्ताच्या शीटवर बोट ठेवून विचारा, की ही एक ओळ म्हणजे नक्की काय? ग्राहक? ऑर्डर? पेटी? उत्तर बहुतेक वेळा "तसं म्हटलं तर तिन्ही" असं येतं, आणि तिथेच सगळा घोळ आहे.

एक खरीखुरी वाटावी अशी ऑर्डर घेऊ. १२ एप्रिल. पुण्याच्या एक बाई फोन करतात, पाच डझनाच्या दोन पेट्या मला घरी आणि सहा डझनाची एक ठाण्याला बहिणीकडे. (पेटी तीच, आत चार डझन बसतात की सहा ते फळाच्या आकारावर, हे वाचकांना सांगायला नको.) दोन हजार लगेच पाठवतात, बाकीचे माल आल्यावर.

आता मोजा किती गोष्टी झाल्या. एक ग्राहक. दोन पत्ते. एक ऑर्डर. ऑर्डरमध्ये दोन प्रकारचा माल. एकदा आलेले पैसे, आणि अजून एक-दोनदा येतील. हे सगळं एका आडव्या ओळीत कोंबायला गेलं की 'पेटी १, पेटी २' कॉलम तयार होतात, आणि पुढच्या वर्षी एखादी कंपनी दिवाळीसारखी वीस पत्त्यांवर पेट्या मागते तेव्हा कॉलम संपतात.

नियम एकच लक्षात ठेवा. कॉलमच्या नावामागे १, २, ३ लागायला लागले की समजायचं, इथे वेगळं टेबल पाहिजे.

थांबा: 'शेरा' कॉलम ठेवा, पण त्यात पैसे, तारखा, पेट्यांची संख्या यातलं काही लिहायचं नाही. तिथे लिहिलेल्या आकड्याची बेरीज कोणी करत नाही.

३. टेबलं पाडा

वरच्या उदाहरणावरून आंब्याच्या थेट विक्रीला साधारण एवढी टेबलं लागतात. प्रत्येकाचा एक-एक कागद करा, वर नाव, खाली कॉलम.

ग्राहक: नंबर, नाव, फोन, कसे ओळखीचे.
पत्ते: नंबर, कुठल्या ग्राहकाचा, कोणाच्या नावाने द्यायचं, पत्ता, पिन कोड, तिथला फोन.
माल: नंबर, नाव (हापूस ५ डझन, हापूस ६ डझन, पायरी...), चालू भाव.
ऑर्डर: नंबर, कुठला ग्राहक, तारीख, हंगाम.
ऑर्डरच्या ओळी: नंबर, कुठली ऑर्डर, कुठला माल, किती नग, काय भावाने, कुठल्या पत्त्यावर.
पैसे: नंबर, कुठला ग्राहक, तारीख, रक्कम, कसे आले.
पाठवणी: नंबर, कुठली ऑर्डर-ओळ, तारीख, किती नग, कुठली गाडी, कुठल्या तोडणीतला माल.
तोडणी: नंबर, बाग, तारीख, किती भरला.

पुण्याच्या बाईंची ऑर्डर यात अशी बसते:

ऑर्डर: ११८ | ग्राहक ४२ | २०२५-०४-१२ | हंगाम २०२५
ऑर्डर-ओळ: ३०१ | ऑर्डर ११८ | हापूस ५ डझन | २ नग | ३५०० | पत्ता ६७
ऑर्डर-ओळ: ३०२ | ऑर्डर ११८ | हापूस ६ डझन | १ नग | ३००० | पत्ता ६८
पैसे: २१० | ग्राहक ४२ | २०२५-०४-१२ | २००० | यूपीआय

बाईंचं नाव कुठेच परत लिहिलेलं नाही, नुसता ४२. त्यांचा फोन बदलला तर एकाच ठिकाणी बदलायचा. एक माहिती एकाच जागी, याला पुस्तकात नॉर्मलायझेशन म्हणतात, आणि पहिलं दुसरं तिसरं नॉर्मल फॉर्म असे त्याचे टप्पे आहेत, परीक्षा असेल तर पाठ करा, धंद्याला एवढं पुरतं.

'ऑर्डरच्या ओळी' हे टेबल नवख्यांना कळत नाही म्हणून थोडं थांबतो. एका ऑर्डरमध्ये अनेक माल असतात आणि एकच माल अनेक ऑर्डरींमध्ये असतो. दोन्हीकडून अनेक. अशी जोडी आली की मध्ये तिसरं टेबल घालावंच लागतं, दुसरा इलाज नाही. बिलबुकातलं पान आठवा, वर नाव-तारीख, खाली मालाच्या ओळी. वरचा भाग म्हणजे ऑर्डर, खालची प्रत्येक ओळ म्हणजे ऑर्डर-ओळ. आजोबांच्या बिलबुकात हे डिझाइन आधीपासून होतं, आपणच एक्सेलमध्ये येऊन मोडलं.

वाशीच्या पट्टीचंही तसंच. चाळीस पेट्या पाठवल्या तर त्या एका भावाने जात नाहीत, दहा एका भावाने, पंधरा दुसऱ्या, उरलेल्या पडत्या भावाने. बरेच जण सरासरी काढून एकच आकडा लिहितात. तसं करू नका. पट्टी हे एक टेबल (तारीख, दलाल, भाडं, हमाली, हातात आलेली रक्कम) आणि पट्टीच्या ओळी हे दुसरं (किती पेट्या, काय भाव). सरासरी कधीही काढता येते, सरासरीतून मूळ भाव परत काढता येत नाहीत.

थांबा, भाव दोन ठिकाणी का? माल टेबलात 'चालू भाव' आहे आणि ऑर्डर-ओळीत परत 'काय भावाने'. वर म्हटलं एक माहिती एकाच जागी, मग हे काय? या दोन वेगळ्या माहित्या आहेत. एक आजचा भाव, दुसरा त्या दिवशी त्या माणसाला सांगितलेला भाव. हे मी स्वतः चुकून शिकलोय. चुलत भावासाठी पहिल्यांदा बनवलं तेव्हा भाव फक्त माल टेबलात ठेवला, शहाणपणा म्हणून. एप्रिलच्या शेवटी आवक वाढली, भाव उतरला, त्याने तो बदलला आणि मार्चमधली सगळी जुनी बिलं एका क्षणात स्वस्त झाली. ज्यांनी पूर्ण पैसे दिले होते त्यांचे आपल्याकडेच जास्त निघायला लागले. दोन रात्री बिलबुकावरून परत भरलं ते. त्या दिवसापासून जो आकडा व्यवहार होताना पक्का होतो (भाव, सूट, भाडं), तो व्यवहाराच्या ओळीतच लिहितो.

४. प्रत्येक ओळीला स्वतःचा नंबर

वर सगळीकडे नंबर आलाय. त्याला प्रायमरी की म्हणतात. दुसऱ्या टेबलात तोच नंबर ओळख म्हणून लिहिला की तिथे ती फॉरेन की. 'ग्राहक ४२' हे ऑर्डरमध्ये फॉरेन की.

लोक विचारतात, नाव आहे की, नंबर कशाला? अहो, आमच्या वाडीत अर्ध्या घरांचं आडनाव एक आहे, आणि आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत, त्यामुळे पूर्ण नावाचेही दोन-दोन निघतात. बरं मग मोबाईल नंबर घेऊ? तोही नको. नवरा-बायको एकाच नंबरवरून ऑर्डर देतात, मुलगा नंबर बदलतो, कंपनीतला माणूस नोकरी सोडतो. नंबर असा पाहिजे ज्याला काहीच अर्थ नाही, म्हणून तो कधी बदलायची वेळ येत नाही. १, २, ३, ४.

हुशारी करून 'पुणे-०४-२०२५-हापूस' असले कोड बनवू नका. बाई ठाण्याला राहायला गेल्या की कोड खोटा पडतो.

हंगामाचा कॉलम मी मुद्दाम वेगळा ठेवलाय त्याचं कारण सांगून पुढे जातो. आपला हंगाम फेब्रुवारी-मार्चला सुरू होऊन मे-जूनपर्यंत चालतो आणि आर्थिक वर्ष मध्येच, १ एप्रिलला बदलतं. हिशेबनीसाला एक वर्ष पाहिजे, तुम्हाला दुसरं. आर्थिक वर्ष तारखेवरून काढता येतं, त्याला कॉलम नको. पण डिसेंबरमध्येच कोणी ॲडव्हान्स देऊन पेट्या बुक करतं तेव्हा तारीख जुन्या सालातली आणि माल नव्या हंगामातला, म्हणून हंगाम लिहायचाच.

तपासा: प्रत्येक कागदावर बघा, पहिला कॉलम नंबर आहे ना? दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवणारे कॉलम कुठले, त्यावर गोल करा आणि बाण काढा. एखाद्या टेबलाला एकही बाण येत नाही आणि तिथून एकही जातही नाही, असं झालं तर काहीतरी राहिलंय.

५. कॉलममध्ये काय बसेल ते आधीच बांधून टाका

हा टप्पा कंटाळवाणा आहे पण पटकन होतो.

तारीख एकाच पद्धतीने: साल-महिना-दिवस, २०२५-०४-१२. अशी लिहिली की नुसतं क्रमाने लावलं तरी बरोबर लागते. '१२/४' लिहिलं की कोण बारा एप्रिल वाचतं, कोण चार डिसेंबर.

फोन आणि पिन कोड आकडे दिसतात पण ते मजकूर म्हणून ठेवायचे. त्यांची बेरीज करायची नाहीये, आणि पुढचा शून्य किंवा अधिक ९१ गळून पडायला नको. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा, तोही मजकूर.

पैसे आकडाच. 'रु.' लिहायचं नाही, स्वल्पविराम नाही, '३५००/-' तर अजिबात नाही. पट्टीत रुपयांबरोबर पैसेही येत असतील तर रक्कम पैशांत पूर्णांक म्हणून ठेवली की बरं, कारण दशांशाचे आकडे कॉम्प्युटर आतून थोडे इकडेतिकडे धरतो आणि शेवटच्या बेरजेत एखादा पैसा हलतो.

एक्सेलवाल्यांनी डझनाच्या कॉलममध्ये नुसतं '५-६' असं कधी टाइप करू नये, तो त्याची तारीख करून ठेवतो. आणि आकडे इंग्रजीच टाइप करा, देवनागरी आकडे डेटाबेसला बऱ्याचदा अक्षरंच वाटतात. लेखात मी मराठीत लिहितोय म्हणून तिथे पण लिहू नका हां.

रिकामं आणि शून्य यात फरक आहे. भाडं रिकामं म्हणजे अजून कळलं नाही, शून्य म्हणजे भाडं लागलंच नाही. कुठला कॉलम रिकामा चालेल आणि कुठला नाही हे आत्ताच ठरवा. ऑर्डरला ग्राहक नाही, असं चालणार नाही. ग्राहकाचा दुसरा फोन नाही, चालेल.

जिथे ठरलेल्या चार-पाच शब्दांपैकीच एक यायला हवा तिथे यादी द्या, टाइप करू देऊ नका. 'हापूस', 'हापुस', 'हापूस ' (शेवटी स्पेस) हे कॉम्प्युटरसाठी तीन वेगळे आंबे आहेत.

६. कागदावरच चालवून बघा

इथे लोक उड्या मारतात. मारू नका, एक संध्याकाळ द्या.

गेल्या हंगामातली वीस खरी बिलं घ्या. सोपी निवडायची नाहीत, त्रासदायक निवडा. अर्धा माल आज आणि अर्धा चार दिवसांनी गेलेली ऑर्डर. दोन ऑर्डरींचे पैसे एकदम पाठवणारा माणूस. पेटी परत आलेली. नातेवाइकाला फुकट दिलेली. या वीसही बिलांच्या ओळी तुमच्या कागदी टेबलांत पेन्सिलने भरा.

पुण्याच्या बाईंचंच पुढे नेऊ. माल पोचल्यावर १९ तारखेला ५००० रोख आले. मग फोन आला, एका पाच डझनाच्या पेटीत सहा फळं साक्याची (आतून खराब) निघाली. साठातली सहा, म्हणजे ३५०० च्या पेटीत ३५० रुपये. आता हे कुठे लिहिणार? ऑर्डरचा भाव ३५०० वरून खाली आणायचा नाही, तो खरा भाव होता. पैसे आले असंही लिहायचं नाही, आले नाहीत. म्हणजे एक टेबल राहिलंय: 'वजावट', त्यात कुठली पाठवणी, तारीख, रक्कम, कारण. ते घातलं की हिशेब बसतो: माल १०,००० चा, आले ७,०००, वजा ३५०, बाकी २,६५०. शिवाय पाठवणीत तोडणीचा नंबर आहे, त्यामुळे साका कुठल्या बागेच्या कुठल्या तोडणीत निघाला हे पहिल्या टप्प्यातल्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं.

बाकीचा आकडा कुठल्याही टेबलात कॉलम म्हणून ठेवलेला नाही बघा. बाकी काढायची असते, साठवायची नसते. साठवलेली बाकी आणि खरी बाकी यांची एक दिवस फारकत होतेच. शिल्लक मालाचं पण तेच, तोडणीत भरलेला वजा पाठवलेला, आणि खोलीत जाऊन मोजल्यावर फरक निघाला तर 'मोजणी फरक' अशी ओळ घालायची, जुन्या ओळी खोडून जुळवायचं नाही.

आणि पैसे मी ऑर्डरला न जोडता ग्राहकाला का जोडले तेही इथे कळेल. दोन ऑर्डरींचे मिळून आठ हजार पाठवणारा माणूस तुम्हाला सांगत नाही की कुठल्या ऑर्डरचे किती. आपण उगाच वाटण्या करत बसतो. आपल्या आकाराच्या धंद्यात ग्राहकाची एकूण बाकी कळली की काम झालं. मोठ्या कंपन्यांना बिलवार जुळवणी लागते, त्यांचं वेगळं.

होमस्टेवाल्यांसाठी एक आडवाट: तुमच्याकडे एक ओळ म्हणजे एक बुकिंग, त्यात खोली, येण्याची तारीख, जाण्याची तारीख. एकाच खोलीची दोन बुकिंगं भिडतात का हे तपासायची रीत अशी, की नव्याचं येणं जुन्याच्या जाण्याच्या आधी आहे आणि नव्याचं जाणं जुन्याच्या येण्याच्या नंतर आहे, दोन्ही खरं असेल तर भिडलं. ज्या दिवशी एक पाहुणा जातो त्याच दिवशी दुसरा आला तर या नियमात ते भिडत नाही, जे बरोबरच आहे. चोवीस-पंचवीस डिसेंबरला गुहागर-तारकर्लीला ज्यांनी दोन कुटुंबांना एक खोली दिलीय त्यांना याची किंमत माहितीय.

७. आता कॉम्प्युटर

कशात करायचं? एकटाच माणूस भरणार असेल आणि वर्षाला काहीशे ऑर्डरी असतील तर गुगल शीटमध्येही चालेल, फक्त वरच्या प्रत्येक टेबलाची वेगळी शीट करा. शीट वाईट नाही, एकच शीट वाईट.

त्याच्या पुढे जायचं असेल तर एसक्यूलाइट घ्या, डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये राहतो, इंटरनेट नसलं तरी चालतं आणि आमच्याकडे ते नसतंच. फॉर्म वगैरे पाहिजेत तर लिबरऑफिस बेस किंवा मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस. घरातले दोघं-तिघं एकाच वेळी वेगवेगळ्या कॉम्प्युटरवरून भरणार असतील तर मग मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसक्यूएल, पण ते बसवून देणारा माणूस सोबत असू द्या.

टेबलं बनवायचा क्रम महत्त्वाचा. ज्याच्याकडे बाण येतात ते आधी: ग्राहक, माल, तोडणी. मग पत्ते आणि ऑर्डर, मग ऑर्डरच्या ओळी, मग पैसे, पाठवणी, वजावट. उलटं केलंत तर 'असं टेबलच नाही' म्हणून अडेल किंवा नंतर जोडत बसाल.

एसक्यूलाइटमध्ये दोन खड्डे आहेत. एक, फॉरेन कीची तपासणी मुळात बंद असते, प्रत्येक वेळी डेटाबेस उघडल्यावर ती चालू करावी लागते (फॉरेन कीज नावाचा प्राग्मा, म्हणजे एसक्यूलाइटची सेटिंग, ऑन करायचा, डीबी ब्राउझरच्या सेटिंगमध्येही त्याचा खटका आहे). ती बंद असेल तर नसलेल्या ग्राहकाच्या नावाने ऑर्डर पडते आणि कोणी ओरडत नाही. दोन, आकड्याच्या कॉलममध्ये मजकूर टाकला तरी तो निमूट घेतो, म्हणून टेबल बनवताना स्ट्रिक्ट हा पर्याय द्या.

तपासा: मुद्दाम चूक करून बघा. ग्राहक नंबर ९९९९ च्या नावाने ऑर्डर घाला. रकमेत 'दोन हजार' असं अक्षरात लिहा. तारीख रिकामी ठेवा. तिन्ही वेळा डेटाबेसने नाही म्हटलं पाहिजे. एकदा जरी हो म्हणाला तर पुढे जाऊ नका.

८. जुना डेटा आणताना

सगळा आणायचा मोह टाळा. चालू ग्राहक, त्यांचे पत्ते, आणि प्रत्येकाची जुनी बाकी एका ओळीत ('मागील बाकी' म्हणून एक टेबल करा), बस. पाच वर्षांच्या ऑर्डरी भरत बसलात तर दिवाळी येईल आणि निम्म्यात सोडाल.

आणण्याआधी दुहेरी नावं शोधा. फोन नंबरवर क्रम लावला की तीच व्यक्ती तीन वेळा, तीन स्पेलिंगात सापडते. 'पुण्याचे काका', 'काका पुणे' आणि खरं नाव, हे तिघं एकच आहेत हे फक्त तुमच्या आईला माहीत असतं, तिला शेजारी बसवा.

तपासा: वहीतल्या एकूण येण्याची बेरीज आणि डेटाबेसमधल्या मागील बाकीची बेरीज, रुपयाला रुपया जुळली पाहिजे. "जवळपास जुळते" म्हणजे जुळत नाही.

९. रोजची शिस्त

ऑर्डर आली की लगेच, पैसे आले की लगेच, पाठवलं की लगेच. संध्याकाळी भरू म्हणालात की संध्याकाळी पॅकिंग असतं.

डिलीट कोणी करायचं नाही. रद्द झालेल्या ऑर्डरला 'स्थिती: रद्द' असा कॉलम. चुकीची रक्कम पडली तर उलटी ओळ घालून दुरुस्त करा. खोडलेली ओळ कोणी खोडली, का खोडली, हे कोणालाच कळत नाही आणि मग भावाभावांत विषय निघतो.

भरणाऱ्या माणसाला टेबलांच्या रचनेला हात लावायची परवानगी नको. आणि आठवड्यातून एकदा, आमच्याकडे रविवारी रात्री, बँक स्टेटमेंटमधले जमा आणि पैसे टेबलातले यूपीआयवाले समोरासमोर टिक करायचे. दहा मिनिटांचं काम, आठवडा चुकवलात तर तासाचं.

१०. बॅकअप, आणि तो चालतो का

२२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी भरलं तेव्हा दुकानंच्या दुकानं बुडाली, आणि दुकानातल्या कपाटात ठेवलेला बॅकअप कॉम्प्युटरबरोबरच पाण्यात गेला तर त्याला बॅकअप म्हणायचं कशाला. त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ आलं, रायगड-दापोलीकडे कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती, तेव्हा नुसतं ऑनलाइन ठेवणाऱ्यांना आपलीच यादी दिसेना. म्हणून दोन्ही पाहिजे. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर साठवलेल्या (कॉम्प्युटर, पेन ड्राइव्ह), त्यातली एक गावाबाहेर. वर हंगामात ग्राहकांची आणि उद्याच्या पाठवणीची यादी रोज कागदावर छापून ठेवा, वीज गेली तरी गाडी थांबत नाही. कॉम्प्युटरला यूपीएस लावा, लिहिता लिहिता वीज जाणं डेटाबेसला मानवत नाही.

थांबा: डेटाबेस उघडा असताना त्याची फाइल नुसती कॉपी-पेस्ट करू नका, अर्धवट लिहिलेली प्रत मिळू शकते. आधी सॉफ्टवेअर बंद करा किंवा त्याचाच बॅकअपचा पर्याय वापरा. नावात तारीख घाला, 'नवीन फायनल २' असली नावं नकोत, आणि जुन्यावर नवीन लिहू नका, निदान शेवटच्या सात प्रती असू द्या. बिघडलेली फाइल रोज इमानदारीत चांगल्या बॅकअपवर चढवणारे लोक मी बघितलेत.

महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उघडा आणि एका ग्राहकाची बाकी काढा. पुण्याच्या बाईंचे २,६५० दिसले तर बॅकअप खरा.

गावाबाहेरच्या प्रतीचं आमच्याकडे असं आहे: फाइलला पासवर्ड घालून पेन ड्राइव्हवर टाकतो, आणि गणपतीला आलेला मुंबईचा भाऊ परत निघाला की नारळ-तांदळाच्या पिशवीत तो एक सरकवतो. मे महिन्यात येताना तो जुना घेऊन येतो, नवा घेऊन जातो.